ब्योन साहेबांच्या मुलाचं धावणं

मेंग सुक-वन नोकरीत कायम झाला नाही. त्याऐवजी तो मेला, आणि तेही कंपनीच्या खर्चाने.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्याकडे शेवट आधी सांगणाऱ्याची जागा चोराच्याही खाली आहे; चोराला निदान वकील मिळतो. हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी मागे रस्सा ओरपता ओरपता एका सिनेमातला खुनी कोण ते सांगून टाकलं होतं. तेव्हापासून ते एकटेच जेवतात. शिवाय त्यांनी सांगितलेला खुनी चुकीचा निघाला, पण शिक्षा काही माफ झाली नाही. तेव्हा वर काहीही घडलेलं नाही. मेंग जिवंत आहे, त्याच्या गळ्यात कंत्राटी माणसाचं करडं ओळखपत्र लटकतंय, आणि कोरियातल्या इंचन शहरात, कारखान्यामागच्या नेहमीच्या खाणावळीत दुपारचं जेवण चाललंय.

कंपनी लिफ्टची बटणं बनवते. मेंगकडे चौथ्या मजल्याचं बटण होतं. आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, चार म्हटलं की लोकांना मरण आठवतं, म्हणून त्या बटणावर आकडा न घालता एक इंग्रजी अक्षर घालतात. मग मरण तिथे न उतरता पाचव्या मजल्यावर जात असावं. ते अक्षर सरळ बसलंय की तिरकं, हे पाहणं मेंगचं काम. काम तो मन लावून करायचा. पण आमच्याकडे माणूस कामावरून कायम होत नाही, जेवणावरून होतो.

म्हणजे असं की विभागातली सगळी माणसं एका टेबलाशी जेवतात. विभागप्रमुख ब्योन तेक-सू साहेब भाताच्या वाटीचं झाकण काढतात आणि म्हणतात, "मग, सुट्टीत कुणी काय बघितलं? मोकळेपणाने बोला." मोकळेपणाने बोला याचा अर्थ, साहेबांना काय वाटलं त्याचा अंदाज घ्या आणि मग बोला.

"तो पाणबुडीवाला पाहिला आम्ही," त्या दिवशी साहेब म्हणाले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

चमचा खाली म्हणजे सिनेमा आपटला. मेंगने ते टिपलं. "पूर्वार्ध जरा ताणलाय, साहेब."

"ताणलाय? नुसतं रबर आहे."

"रबरच. पण शेवटी कप्तान टोपी काढतो ना, तिथे आत कुठेतरी हललं."

साहेबांनी चमचा पुन्हा उचलला. "टोपी. अगदी बरोबर. या पोराला सिनेमा कळतो."

"मी खुर्च्यांबद्दल बोलू का?" जेगलने विचारलं. जेगल मेंगच्या शेजारच्या टेबलावर तळघराचं बटण सांभाळायचा आणि सिनेमाला झोपायला जायचा. "त्या थिएटरात पाठ मागे जाते आणि पाय आपोआप वर येतात. पाणबुडी कधी बुडाली मला पत्ताच नाही. झाडूवाल्या मावशींनी उठवलं."

"आणि यांग मॅडम, तुम्हाला?"

"बरा होता," यांग मॅडम म्हणाल्या.

यांग मि-रान मॅडम साहेबांच्या खालोखाल. त्या प्रत्येक सिनेमाला एकट्या जायच्या आणि पडद्यावर शेवटच्या सुताराचं नाव येऊन जाईपर्यंत बसायच्या. एवढ्या मेहनतीनंतर त्यांचं मत मात्र कायम तेवढंच असायचं.

मेंगने पाणबुडी पाहिली नव्हती. त्याने कंपनीत आल्यापासून एकही सिनेमा पाहिला नव्हता. तो पाहायचा ते ‘शेवटासकट’ व्हिडिओ. त्यात एक धापा टाकणारा माणूस अख्खा सिनेमा सांगून मोकळा होतो. नायकाला तो ‘हा माणूस’ म्हणतो, नायिकेला ‘ही बाई’, आणि खलनायकाला ‘हा दुसरा माणूस’. मेंग ते दुप्पट वेगाने ऐकायचा. मेट्रोत चढताना प्रेमात पडलेली माणसं कंपनीच्या स्टेशनावर उतरेपर्यंत मेलेली असायची. वर मेंगचं मत तयार: पूर्वार्ध ताणलाय, पण शेवटी अमुक झालं तिथे हललं. या एका वाक्यावर तो विभागातला सिनेमाचा जाणकार ठरला होता.

त्याचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. कायम करायचं की घरी पाठवायचं हे साहेबांच्या शिफारशीवर. मेंगला स्वतःला एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या आईने ‘पोरगा कायम झाला’ म्हणून इमारतीतल्या प्रत्येक दारावर तांदळाच्या वड्या आधीच वाटून टाकल्या होत्या. लोकांनी त्या खाल्ल्या होत्या. खाल्लेल्या वड्या परत मागायची आमच्याकडे पद्धत नाही.

अशात एक दिवस साहेब भाताचं झाकण न काढताच म्हणाले, "आमचा हान-ग्योल सिनेमात आलाय."

हान-ग्योल हा साहेबांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून तो नट व्हायला गेला, तेव्हापासून साहेब त्याचं नाव फक्त सणाला घ्यायचे, तेही जेवायला ये म्हणून.

"‘सातव्या गोदामाची चावी’ नावाचा आहे. थरारपट."

"अरे वा. काय भूमिका आहे, साहेब?" मेंगने विचारलं.

"ते सांगणार नाही. काम चांगलं असेल तर दिसेलच तुम्हाला." साहेबांनी भाताकडे पाहिलं. "बुधवारी सगळे जाऊ. सक्ती नाही. ज्याला यायचं नाही त्याने कारण लिहून द्यावं. आणि शुक्रवारी बाहेर जेवायला बसू. तोही येईल. तेव्हा खरं मत द्यायचं. एकदम मोकळेपणाने."

मेंगला त्या क्षणी समजलं की शिफारस या सिनेमातून जाणार आहे. म्हणून त्याने आयुष्यातला मोठा निर्णय घेतला. या वेळी सिनेमा खरोखर पाहायचा.

बुधवारी तो वेळेवर पोचला. यांग मॅडम मधोमध बसल्या, जेगलने बूट काढले. साहेब म्हणाले, "मी मागे बसतो, म्हणजे तुम्हाला मोकळं वाटेल." दिवे गेले. पडद्यावर एक माणूस बंदरावर उभा राहून समुद्राकडे बघत होता. तो बघतच राहिला. मेंगला वाटलं पडदा अडकला. त्याचं बोट आपोआप हललं आणि त्याने खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारल्या, फोनवर पुढे जायला मारतात तशा. माणूस बघतच होता. मेंगने आणखी दोन मारल्या. त्या पॉपकॉर्नच्या डब्यावर बसल्या, आणि शेजारच्या बाईंनी डबा उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग त्या माणसाने समुद्राकडे पाठ केली आणि डोंगराकडे बघायला सुरुवात केली.

मेंग वाकून बाहेर आला. बाहेरच्या दालनात एक जाडजूड खांब होता, खांबाला टेकून बाक होता. त्याने फोन काढला. देवाची कृपा, या सिनेमाचा ‘शेवटासकट’ व्हिडिओ आला होता.

"हा माणूस बंदरावर आलाय," फोन धापा टाकत म्हणाला, "पण त्याला माहीत नाही की..."

"...बंदरावर आलाय," खांबाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "पण त्याला..."

मोठ्या दालनात आवाज घुमतो, असं मेंगने मनाशी ठरवलं आणि पुढे ऐकू लागला.

आता या व्हिडिओंचं एक असतं. साइटवाल्यांना चाकू, सिगारेट आणि प्रेत चालत नाही. त्यामुळे यातलं काही आलं की त्यावर ओल्या बोळ्याने पुसल्यासारखं धुकं करून टाकतात. ‘सातव्या गोदामाची चावी’मध्ये तिन्ही गोष्टींची चंगळ होती. मेंगने जो सिनेमा पाहिला त्यात काही धुकी हातात धरून माणसं दुसऱ्या माणसांच्या अंगावर जात होती, मग एकेक धुकं ओढत निवांत उभी राहत होती, आणि जमिनीवर मोठमोठी धुकी पडलेली होती. सिनेमा संपल्यावर तो गर्दीत मिसळला आणि सगळ्यांबरोबर डोळे चोळत बाहेर पडला. साहेबही गर्दीतूनच आले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मत शुक्रवारसाठी राखून ठेवायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये यांग मॅडम आणि मेंग दोघेच होते.

"मेंग, कान पाहिलेस ना?" मॅडमनी विचारलं.

"कुठले कान?"

"अरे, बापाचेच कान आहेत. उघड्या खिडकीच्या दारांसारखे. चुकायला जागाच नाही."

"हां, ते कान. पाहिले की, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. ज्याने सिनेमा पाहिलाय त्याला एवढं पुरे होतं. ज्याने पाहिला नाही त्याला आणखी सांगणं म्हणजे सिनेमा फोडणं, आणि यांग मॅडम फोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. लिफ्टचं दार उघडलं, त्या बाहेर पडल्या.

मेंग थेट शौचालयात गेला. दार लावून त्याने व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी साध्या वेगाने, म्हणजे केवढा त्याग. आणि कान सापडले. एक तरुण हवालदार ट्रकमागे धक्क्यावरून धावत होता आणि त्याचे कान वाऱ्यावर उभे होते. ट्रकच्या फळीला हात लागतो, निसटतो, हवालदार पडतो. मेंगने तो तुकडा पाठ केला. शवागाराच्या प्रसंगात टेबलावर चादरीखाली एक लांबट धुकं होतं, ते त्याने पुढे ढकललं.

डुकराचं मांस भाजायच्या एका दुकानात टेबलाच्या मधल्या जाळीवर पहिला थर टाकला गेला. चिमटा यांग मॅडमच्या हातात. मेंगने दोन्ही हातांनी साहेबांच्या पेल्यात सोजू दारू ओतली.

"हान-ग्योलला यायला जरा वेळ लागेल," साहेब म्हणाले. "तोवर सुरुवात करू. आज उलटं करूया. धाकट्यापासून. मेंग, बोल."

मेंगने तोंडातला मुळा न चावताच गिळला. आजवर त्याने चमच्याकडे पाहून मत दिलं होतं. आज साहेबांच्या हातात चमचाच नव्हता.

"खरं सांगू का, साहेब? पूर्वार्ध मला ताणलेला वाटला. पण हान-ग्योल धावायला लागले आणि मी खुर्चीत पुढे सरकलो."

यांग मॅडमचा चिमटा जाळीवर अधांतरी थांबला.

"धावायला," साहेब हळूच म्हणाले.

"धक्क्यावरून. ट्रकमागे. नुसते पायांनी नाही धावत ते, आतून धावतात."

"मेंग, घास घे," जेगल म्हणाला. त्याने कोबीच्या पानात मांस, लसूण, मिरची आणि हाताला लागेल ते कोंबून त्याची मूठभर पुरचुंडी केली आणि ती मेंगच्या तोंडात सारली. आमच्याकडे मायेने असं भरवतात. मेंगला भरून आलं. त्याने डोळ्यांत पाणी येईस्तोवर चावलं, गिळलं आणि पुढे चालू केलं. "शेवटी फळीला हात लागतो आणि..."

"निसटतो," साहेब म्हणाले.

"निसटतो," मेंग म्हणाला.

"मी काय सांगत होतो?" साहेबांचा चेहरा निखाऱ्यासारखा फुलला होता. "शाळेच्या क्रीडादिनी हा पळायला लागला की बाकीची पोरं बघत उभी राहायची. मी म्हणायचो, याला पायच आहेत, डोकं नाही. चुकलो मी. तो हात निसटला ना, तिथे मला रडू आलं, मेंग."

"मलाही, साहेब."

दोघांनी पेले भिडवले. मेंगने रीतीप्रमाणे तोंड बाजूला वळवून सोजू घेतली, त्यामुळे त्याला जेगलचा चेहरा दिसला. तो जेगलने नुसता हलवला. डावीकडून उजवीकडे. सावकाश.

मांस जळू लागलं होतं.

तेवढ्यात दार सरकलं आणि टोपी घातलेला एक सडपातळ तरुण आत आला. त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, टोपी काढली. कान बाहेर आले. खाली चेहरा होता, पण तो त्या हवालदाराचा नव्हता.

"ये, बस," साहेबांनी बाजूची जागा थोपटली. "तुझ्या धावण्यावरच बोलतोय आम्ही."

"कुणाच्या?"

"तुझ्या. धक्क्यावरच्या."

हान-ग्योल टेकला. "बाबा, ते वेगळे. मी शवागारातला आहे."

"शवागारातला कोण?"

"प्रेत."

दुकानाच्या मालकीणबाई येऊन म्हणाल्या, "जाळी बदलू का?" त्यांनी जाळी बदलली आणि गेल्या.

"पण त्याच्या आधी धावला असशील," साहेब म्हणाले.

"त्याच्या आधीचं लिहिलेलंच नाही. मी पहिल्यापासून मेलेलाच आहे."

"तुम्ही एकदम खरे मेलेले होतात," जेगल म्हणाला. "मी त्या वेळी जागा होतो, शपथेवर सांगतो. चादर काढली आणि पुढे मला झोपच लागली नाही. असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही."

हान-ग्योलने मान झुकवली. ही त्याला मिळालेली पहिली दाद असावी. मग सगळ्यांनी यांग मॅडमकडे पाहिलं. त्या नव्या जाळीवर मांस मांडत होत्या.

"बरा होता," त्या म्हणाल्या. नंतर, कुणाचीही अपेक्षा नसताना, पुढे बोलल्या. "चादर खाली आली तेव्हा मला वाटलं, याच्या घरी कुणीतरी अजून जेवायचं थांबलंय." त्यांनी एक तुकडा उलटला. "सिनेमा ताणलाय पण."

साहेबांनी पहिला भाजलेला तुकडा मुलाच्या ताटलीत ठेवला. "श्वास रोखायला त्रास झाला असेल."

"श्वासाचं एवढं नाही. पापण्यांचं अवघड. आतून बुबुळं हलतात. म्हणून मी मजले मोजत होतो. चार सोडून." हान-ग्योलने तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. "बाबा, तुम्ही पाहिला नाहीत ना?"

"पाहिला की. मागच्या रांगेत होतो."

"बाबा."

"आधी मागच्या रांगेत होतो. मग बाहेर होतो. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कान दिसले, मला तेवढं पुरे वाटलं," साहेब म्हणाले. "तुझं काम वाईट निघालं असतं तर तुला काय सांगणार होतो मी? मला खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य टेबलावरच्या सगळ्यांनी आदरपूर्वक ऐकून घेतलं. मेंग मात्र एका मोठ्या खांबाचा विचार करत होता.

शनिवारी साहेब एकटेच जाऊन सिनेमा बघून आले. रविवारी पुन्हा गेले. सोमवारी जेवताना त्यांनी भाताचं झाकण काढलं आणि कुणी न विचारता म्हणाले, "बरा होता." डोळे सुजलेले होते. जेवणानंतर त्यांनी मेंगला मागच्या जिन्यात बोलावलं.

"मेंग, खांबाच्या अलीकडे तू होतास?"

"होतो, साहेब."

"पलीकडे मी."

"मला वाटलं आवाज घुमतोय."

"तसंच समज." साहेबांनी सिगारेट काढली आणि न पेटवता परत ठेवली. "हे बघ, सिनेमा न बघता मत देणारा माणूस विभागात एकच परवडतो. तसा नियम नाही. पण दोघं झालो की समोरासमोर बसून जेवण जायचं नाही रे मला. आणि सेवाज्येष्ठता बघितली तर राहायला मीच हवा."

"बरोबर आहे, साहेब," मेंग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चमचा न बघता साहेबांशी मनापासून सहमती दाखवली होती.

"तुला वाऱ्यावर सोडणार नाही मी."

आणि साहेबांनी शब्द पाळला. कंपनी त्या सुमारास लिफ्टमधल्या छोट्या पडद्यांसाठी सुरक्षेचा एक लघुपट काढत होती. अडकलेल्या लिफ्टचं दार हाताने उघडू नये, हा विषय. साहेबांनी वरपर्यंत खटपट करून तंत्रज्ञाची भूमिका हान-ग्योलला मिळवून दिली. लिफ्टमध्ये धावायला जागा नसते, तरीही त्याला धावायचा एक प्रसंग लिहून घेतला. ज्याने दार हाताने उघडलं त्या मूर्खाची भूमिका मेंगला मिळाली. त्याच्या कंत्राटाचा तो शेवटचा दिवस होता.

मेंग लिफ्टच्या खड्ड्यात उताणा पडला. हान-ग्योलने त्याचे हात नीट मांडले, मान जरा वळवून दिली.

"पापण्या हलल्या तर मजले मोजा," तो कानाशी पुटपुटला. "चार सोडून."

मेंगने मोजले, पण चार सोडला नाही. त्याचं बटण होतं ते. पहिल्या झटक्यात प्रसंग झाला. यांग मॅडम आपणहून बघायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "बरा मेलास." मेंगला ते कायम झाल्यासारखंच वाटलं.

लघुपट वर मंजुरीला गेला. मंजुरी लगेच आली, एका दुरुस्तीसह. लिफ्टमध्ये लहान मुलं असतात, सबब प्रेतावर धुकं करावं.

आता तो देशभर चालू आहे. मेंगच्या आईच्या इमारतीतही. हान-ग्योल धावत येतो, खड्ड्यात डोकावतो, टोपी काढतो. खाली एक लांबट धुकं पडलेलं असतं. आई रोज खालीवर करताना शेजारणींना बोट दाखवून सांगते, "तो धुरकट आहे ना, तो आमचा सुक-वन. कंपनीने घेतलाय त्याला, आता काही काळजी नाही." ज्यांनी वड्या खाल्ल्यात त्या सगळ्या म्हणतात, "हो की, छान दिसतो."

मेंगने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कार्मिक विभागाला अर्ज केला. तो जसाच्या तसा असा:

विषय: मृतास सेवेत कायम करणेबाबत.

महोदय, सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या कंपनीच्या लघुपटात देशभरातील लिफ्टमध्ये, सुट्टीचे दिवस धरून, अखंड मृतावस्थेत कार्यरत आहे. या काळात त्याने एकही रजा घेतलेली नाही, उशिरा आलेला नाही, किंवा कोणत्याही सिनेमाविषयी मत दिलेलं नाही. तरी त्याची सेवा मृत्यूच्या तारखेपासून नियमित धरण्यात यावी. तसं करणं नियमात बसत नसल्यास त्याच्या चेहऱ्यावरील धुकं, निदान त्याच्या आईच्या इमारतीपुरतं आणि निदान चौथ्या मजल्यावरून लिफ्ट जाईपर्यंत, हटवण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.